टोल्युइन टाकण्याआधी विहिरीचा दाब बघा: ॲस्फाल्टीनच्या थरावर चर्चा

खोलविहीर

कच्च्या तेलात ॲस्फाल्टीन, म्हणजे विहिरीत थर धरणारा त्याचा जड काळा भाग, किती टक्के आहे? उत्पादन विभागात नवा आलेला जवळजवळ प्रत्येक जण आधी हेच विचारतो. मला हा प्रश्नच दिशाभूल करणारा वाटतो. त्याच्यापायी विहिरींवर पैसाही जातो आणि वेळही, म्हणून हा धागा काढतोय. आखातात, आसामात, गुजरातेत तेलाच्या कामावर असलेले बरेच जण इथे आहेत, त्यांनी भर घालावी.

व्हेनेझुएलातल्या बोस्कान क्षेत्राचं तेल घ्या. जड, काळंकुट्ट, वजनाने सुमारे १७ टक्के ॲस्फाल्टीन. पण त्यामुळे विहिरी तुंबल्याची फारशी तक्रार नाही. आता अल्जीरियातलं हासी मसूद बघा. १९५६ मध्ये सहारा वाळवंटात सापडलेलं क्षेत्र, तेल हलकं आणि पातळ, ॲस्फाल्टीन जेमतेम ०.१५ टक्के. आणि तिथल्या ट्यूबिंगमध्ये (तेल वर आणणाऱ्या नळीत) इतका थर धरायचा की १९६०च्या दशकातच तो खरवडण्याची आणि सॉल्व्हंटने धुण्याची नियमित पद्धत बसवावी लागली. शंभरपटीहून कमी ॲस्फाल्टीन असलेलं तेल जास्त छळतं, हे आधी डोक्यात पक्कं बसलं पाहिजे.

ॲस्फाल्टीन म्हणजे कच्च्या तेलाचा असा भाग जो हेप्टेनमध्ये (हलक्या पॅराफिनमध्ये) विरघळत नाही, पण टोल्युइनमध्ये (बेंझीनसारख्या वलयाच्या सॉल्व्हंटमध्ये) विरघळतो. तो एकच एक पदार्थ नाही. बेंझीनसारख्या वलयांचे चपटे रेणू, कडेला छोट्या साखळ्या, त्यात गंधक, नायट्रोजन, ऑक्सिजन आणि किंचित व्हॅनेडियम-निकेल. ते तेलात टिकून राहणार की बाहेर पडणार, हे त्यांच्या भोवती कोणतं तेल आहे यावर ठरतं. जड तेलात ॲरोमॅटिक (वलयांचे घटक) आणि रेझिन (ॲस्फाल्टीनला धरून ठेवणारे चिकट घटक) भरपूर असतात, त्यामुळे ॲस्फाल्टीन सुखाने नांदतं. हलक्या तेलात मिथेन, इथेन, प्रोपेन विरघळलेले असतात, आणि हे सगळे हेप्टेनचेच भाऊबंद. जमिनीखाली प्रचंड दाब असतो तोवर त्यांचं काही चालत नाही. तेल वर यायला लागलं, दाब उतरला की हे हलके घटक फुगतात, तेलाची घनता घटते आणि त्याची विरघळवण्याची ताकदही घटते. एका ठरावीक दाबाला ॲस्फाल्टीनचे कण सुटायला लागतात. हा ऑनसेटचा दाब. तिथून बबल पॉइंटपर्यंत, म्हणजे ज्या दाबाला तेलातून गॅसचे बुडबुडे सुटायला लागतात तिथपर्यंत, परिस्थिती बिघडत जाते. बबल पॉइंटच्या खाली मात्र गॅस तेलातून निघून जातो, उरलेलं तेल पुन्हा दाट होतं आणि ॲस्फाल्टीनला हळूहळू परत सामावून घेतं.

म्हणून विहिरीत थर वरपासून खालपर्यंत सारखा नसतो, त्याला एक पट्टा असतो. समजण्यासाठी एक काल्पनिक विहीर घेऊ. खोली १२,००० फूट, रिझर्व्हॉयरचा (तेल साठलेल्या खडकाचा) दाब ८,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), तळाचा वाहता दाब, म्हणजे विहीर चालू असतानाचा, ६,५००. ऑनसेट ५,००० ला, बबल पॉइंट ३,५०० ला. वर येताना दर फुटाला ०.३ पीएसआय दाब उतरतो असं धरा. म्हणजे ऑनसेट येतो ७,००० फुटांवर आणि बबल पॉइंट २,००० फुटांवर. धोक्याचा पट्टा या दोन खोल्यांच्या मधे.

आता कोणीतरी उत्पादन वाढवायला चोक (प्रवाह आवरणारा व्हॉल्व्ह) मोठा केला आणि तळाचा वाहता दाब ५,३०० वर आला. पट्टा घसरून ११,००० ते ६,००० फुटांवर गेला. आणखी ओढलं आणि तळाचा दाब ५,००० च्या खाली गेला तर ॲस्फाल्टीन ट्यूबिंगमध्ये यायच्या आधीच, खडकाच्या छिद्रांत सुटायला लागतं. ट्यूबिंग धुता येते. खडक धुणं फार कठीण. शिवाय ॲस्फाल्टीन खडकाच्या पृष्ठभागावर बसलं की तो खडक पाण्याऐवजी तेलाला धरून ठेवायला लागतो, आणि ते नुकसान सहजी भरून येत नाही.

हे गणित एका कागदावर मावतं. तरीही कितीतरी ठिकाणी विहिरीचं उत्पादन पडलं की थेट सॉल्व्हंटचा टँकर मागवतात. पट्टा कुठे आहे हे कोणी बघत नाही. एका जागी मी इनहिबिटरची (थर रोखणाऱ्या रसायनाची) इंजेक्शन लाइन पट्ट्याच्या वर बसवलेली पाहिली. ॲस्फाल्टीन खाली सुटतंय आणि औषध वर पडतंय. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! माझं म्हणणं एवढंच की विहिरीचा दाब कुठल्या वाटेने उतरतो ते आधी काढा, रसायनाचं नाव नंतर.

उरणकर

उत्तम धागा. मी मुंबई हायच्या तेलावर आयुष्य काढलं. आमचा शत्रू मेण. समुद्रतळावरच्या पाइपात तेल थंड झालं की मेण धरायचं, मग पिग (पाइप आतून खरवडणारं साधन) चालवा, गरम करा, पोअर पॉइंट (ज्या तापमानाखाली तेल वाहत नाही तो) उतरवणारं रसायन द्या. एक प्रश्न. विहिरीतून काळा चिकट गोळा वर आला, तर तो मेण आहे की ॲस्फाल्टीन हे जागेवर कसं ओळखायचं? तरुण पोरं सरसकट गरम तेल मारायचा सल्ला देतात.

खोलविहीर

काका, फार मोलाचा प्रश्न, कारण गरम तेलाने इथे घात होतो. मेण वितळतं, ॲस्फाल्टीन वितळत नाही. उलट गरम तेलात हलके पॅराफिन जास्त असले तर ॲस्फाल्टीन आणखी सुटतं.

वायरलाइनवाले (विहिरीत तारेने साधनं सोडणारे) गेज कटर, म्हणजे ट्यूबिंग मोकळी आहे का ते बघणारं आणि थर खरवडणारं साधन, वर आणतात तेव्हा त्याच्या कडेला आणि खाचेत काळा लगदा भरलेला असतो. त्याचे दोन तुकडे काढायचे. एक आधी हेप्टेनने धुवायचा. वर चिकटलेलं तेल आणि मेण निघून गेलं की ॲस्फाल्टीन असेल तर खाली गडद तपकिरी-काळी, कोरडी, चिमटीत चुरा होणारी भुकटी उरते. त्यावर टोल्युइन टाका. परीक्षानळीत काही क्षणांत चहाच्या गडद अर्कासारखा रंग पसरतो. दुसरा तुकडा लोखंडी पट्टीवर मंद आचेवर धरायचा, अर्थातच विहिरीपासून दूर, प्रयोगशाळेच्या फ्यूम हूडखाली. मेण पाझरतं. ॲस्फाल्टीन फुगतं, कोळशासारखं करपतं, पण पातळ होत नाही.

बहुतेकदा दोन्ही मिसळलेले असतात, त्यात वाळू, आयर्न सल्फाइड आणि क्षारही. तेव्हा वजन करून कशाचा किती वाटा हे काढावंच लागतं. आयर्न सल्फाइड जास्त असेल तर नुसतं टोल्युइन दिवसभर ठेवलं तरी थर हलत नाही, आणि मग लोक रसायनाला दोष देतात.

रसिका_लॅब

खोलविहीर, दाबाबद्दल शंभर टक्के सहमत, पण तुमचं सगळं गणित ऑनसेटच्या एका आकड्यावर उभं आहे, आणि तो आकडा नमुन्यावर. तिथेच सगळ्यात जास्त गफलत होते.

विहिरीच्या तळातून नमुना बंद बाटलीत घेतला आणि वर आणला की तो थंड होतो. थंड होताना तेल आकसतं, बाटलीतला दाब पडतो आणि ॲस्फाल्टीन बाटलीच्या भिंतीलाच चिकटतं. मग आमच्याकडे जे तेल पोचतं त्यातलं त्रासदायक ॲस्फाल्टीन आधीच गळून गेलेलं असतं. चाचणी म्हणते तेल स्थिर आहे, विहीर म्हणते नाही. म्हणून नायट्रोजनने दाब टिकवून धरणारा सिंगल-फेज सॅम्पलर हवा. तो नसेल तर निदान नमुना रिझर्व्हॉयरच्या तापमानाला आणि दाबाला नेऊन काही दिवस सतत हलवत ठेवायचा आणि मगच चाचणी लावायची. ऑइल-बेस मडने (खोदताना वापरलेल्या तेलयुक्त चिखलाने) बाटवलेल्या नमुन्यावरही विश्वास ठेवू नका.

नमुना नीट असेल तर दाब हळूहळू उतरवत त्यातून दृश्य प्रकाशाच्या जवळच्या इन्फ्रारेड पट्ट्यातला प्रकाश सोडतो. कण सुटले की पलीकडे पोचणारा प्रकाश एकदम पडतो. सोबत उच्च दाबाचा सूक्ष्मदर्शक असला तर कण डोळ्यांनी दिसतात.

सारा चाचणी, म्हणजे सॅच्युरेट (पॅराफिनसारखे घटक), ॲरोमॅटिक, रेझिन आणि ॲस्फाल्टीनचे वाटे, स्वस्त आहे म्हणून सगळे करतात. त्यावरून निघणारा अस्थिरता निर्देशांक, सॅच्युरेट अधिक ॲस्फाल्टीन भागिले ॲरोमॅटिक अधिक रेझिन, ०.७ च्या खाली असला तर तेल स्थिर आणि ०.९ च्या वर असला तर अस्थिर धरतात. पण ही चाचणी गॅस निघून गेलेल्या तेलावर होते. विहिरीतल्या जिवंत तेलाबद्दल ती फार तर संशय घ्यायला शिकवते. चाळणी म्हणून त्यापेक्षा १९९५ चा डी बोअर आलेख मला बरा वाटतो, कारण त्यात रिझर्व्हॉयरचा दाब बबल पॉइंटच्या किती वर आहे आणि तेल किती हलकं आहे हे दोन्ही येतं. हासी मसूदचं कोडं त्याच दोन गोष्टींत सुटतं.

इनहिबिटरबद्दलही एक सांगते. पुरवठादार बाटली दाखवतात. एका नळीत तेल आणि हेप्टेन, तळाला साका. दुसऱ्या नळीत रसायन घातलेलं, साका नाही. छान दिसतं. पण त्यातलं बरंचसं डिस्पर्संट असतं. ॲस्फाल्टीन सुटतंच, फक्त कण बारीक राहतात आणि खाली बसत नाहीत. बारीक कण वाहत्या तेलात भिंतीपर्यंत जास्त सहज पोचतात, आणि अशी रसायनं प्रत्यक्ष थर वाढवू शकतात हे ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातल्या गटाने प्रयोगांत दाखवलंय. कोणतंही रसायन घेण्याआधी वाहत्या तेलात, धातूच्या पृष्ठभागावर किती थर बसतो याची चाचणी मागा. नळीतल्या साक्यावर पैसे देऊ नका.

शिवसागर_ते_सांगली

वाचनखूण साठवली. रसिकाताई, साक्याचा मुद्दा आमच्या खरेदी विभागाला छापून देतो.

जुना_ऑपरेटर

सगळं ऐकायला छान आहे, पण थोडं जमिनीवर या. सिंगल-फेज नमुना घ्यायचा म्हणजे विहीर बांधून ठेवा, पथक बोलवा, परदेशी लॅबला पाठवा, अहवालाची वाट बघा. तोवर विहीर अर्धी झालेली असते. आमच्याकडे वेळापत्रक ठरलेलं आहे. वेलहेडचा (विहिरीच्या तोंडाशी असलेला) दाब ठरावीक पातळीखाली आला की कॉइल्ड ट्यूबिंग (रिळावर गुंडाळलेली बारीक नळी) उतरवायची, झायलिन (टोल्युइनसारखं सॉल्व्हंट) मारायचं, रात्रभर सोक, म्हणजे भिजत ठेवायचं, सकाळी विहीर चालू. उत्पादन परत येतं. प्रत्येक विहिरीला पीएचडी करायची गरज नाही. शिवाय तुम्ही म्हणता तसा चोक आवळून तळाचा दाब राखायचा तर रोजचं उत्पादन कोण भरून देणार?

खोलविहीर

ऑपरेटरसाहेब, तुमच्या वेळापत्रकाला माझा विरोध नाही. जिथे थर ट्यूबिंगमध्येच आहे, विहीर लवकर तुंबत नाही आणि कॉइल्ड ट्यूबिंग हाताशी आहे, तिथे धुणं हाच रास्त मार्ग आहे. सोक केल्यावर उत्पादन पूर्वीच्या पातळीला येतंय का, एवढंच तपासा. दर वेळी थोडं कमी येत असेल, आणि ट्यूबिंग साफ असूनही येत असेल, तर थर खडकात गेलाय. त्या विहिरीला ट्यूबिंग धुऊन काहीच मिळणार नाही. सॉल्व्हंट खडकात दाबून बघावं लागेल, आणि ड्रॉडाऊन (रिझर्व्हॉयरचा दाब आणि तळाचा वाहता दाब यांतला फरक) कमी करावाच लागेल.

उत्पादनाचं म्हणाल तर हिशेब वर्षाचा करा, दिवसाचा नको. चोक मोठा केल्यावर मिळालेली जास्तीची बॅरल्स एका बाजूला. विहीर बंद ठेवण्याचे दिवस, कॉइल्ड ट्यूबिंगचं भाडं, सॉल्व्हंट आणि कायमचं गमावलेलं उत्पादन दुसऱ्या बाजूला. मी जिथे जिथे हा हिशेब मांडलेला पाहिला तिथे तो ऑनसेटच्या थोडं वर राहण्याच्या बाजूने झुकला. हलक्या तेलाच्या खोल विहिरींबद्दल बोलतोय, सगळ्यांबद्दल नाही.

कुवेतच्या आग्नेय भागातल्या मरात नावाच्या खडकथरातल्या विहिरी या प्रश्नाचं ठळक उदाहरण आहेत. जुरासिक काळातला, बुर्गानच्या प्रसिद्ध वालुकाश्मांच्या बराच खाली असलेला चुनखडकाचा थर. दाब उतरत गेला तसा हा प्रश्न तिथे गंभीर होत गेला. कॅलिफोर्नियातल्या व्हेंचुरा अव्हेन्यू क्षेत्राचा अनुभव मात्र उलट टोकाचा आहे. सुरुवातीला तिथे फार त्रास झाला आणि दाब बबल पॉइंटच्या खाली गेल्यावर तो ओसरला. म्हणजे प्रत्येक क्षेत्राच्या आयुष्यात त्रासाचा एक काळ असतो. आपण त्या काळाच्या अलीकडे आहोत, मधे आहोत की पलीकडे, हे नकाशावर टाकल्याशिवाय वर्षाचं बजेट ठरवू नये. पाणी भरून रिझर्व्हॉयरचा दाब ऑनसेटच्या वर राखता आला तर त्याच्यासारखा उपाय नाही, पण तो निर्णय क्षेत्राच्या सुरुवातीला घ्यावा लागतो.

जुना_ऑपरेटर

सोकनंतर उत्पादन कितपत परत येतं याचा आलेख काढून बघतो. आमच्या काही विहिरींत ते उतरतंय हे खरंच आहे. वेळापत्रकावर मात्र मी ठाम आहे.

पुणेरी_पेट्रो

मी पुण्यात पेट्रोलियम इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन शंका. चुनखडकाला ॲसिड मारतात तेव्हा ॲस्फाल्टीनवर काय परिणाम होतो? आणि कार्बन डायऑक्साइड भरून तेल काढायचं असेल तर? २०१९ मध्ये ओएनजीसी आणि इंडियन ऑइलने कोयली रिफायनरीचा कार्बन डायऑक्साइड गंधार क्षेत्रात भरण्यासाठी सामंजस्य करार केला होता, त्यावर माझा सेमिनार आहे.

रसिका_लॅब

ॲसिडचं मी सांगते. हायड्रोक्लोरिक ॲसिड तेलाला भिडलं की काही तेलांत चिवट, रबरासारखा गाळ तयार होतो. ट्यूबिंगच्या गंजातून आलेलं फेरिक लोह त्यात असेल तर गाळ कैकपट वाढतो. म्हणून आधी ट्यूबिंगचा गंज काढून टाकायचा, खडकात ॲसिडच्या पुढे ॲरोमॅटिक सॉल्व्हंट ढकलायचं, ॲसिडमध्ये लोह आवरणारं आणि गाळरोधक रसायन घालायचं. आणि त्याच विहिरीचं तेल व तेच ॲसिड एकत्र करून चाळणीतून गाळून बघायचं. चाळणीवर काही राहिलं तर काम थांबवायचं. ही चाचणी स्वस्त आहे, तासा-दोन तासांत होते, तरी टाळली जाते याचा मला राग येतो.

खोलविहीर

कार्बन डायऑक्साइडचं उत्तर सरळ आहे. तो तेलात भरपूर विरघळतो आणि मिथेनप्रमाणे ॲस्फाल्टीनला अस्थिर करतो. ऑनसेटचा दाब वर चढतो, म्हणजे आधी ज्या दाबाला काही होत नव्हतं तिथेच कण सुटायला लागतात. श्रीमंत गॅस (इथेन-प्रोपेन जास्त असलेला) भरला तरी तसंच, आणि गॅस लिफ्टचा, म्हणजे तेल वर उचलायला सोडलेला, गॅस ट्यूबिंगमध्ये मिसळतो तिथेही कधी कधी तसंच. सेमिनारमध्ये तू एक गोष्ट नक्की मांड. आजच्या तेलाचा ऑनसेट पुरेसा नाही. कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण पायरीपायरीने वाढवत प्रत्येक पायरीचा ऑनसेट मोजला पाहिजे, आणि तोही गॅस भरायच्या आधी. गंधारच्या तेलात ॲस्फाल्टीन कमी आहे असं कोणी म्हणालं तर त्याला हासी मसूद दाखव.

बेतुलची_वाट

सुरक्षेवर कोणी बोललं नाही म्हणून लिहितेय. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट साधारण ४ अंश सेल्सियस, झायलिनचा २५ ते ३० च्या आसपास. आखातातल्या उन्हाळ्यात, पन्नाशीला टेकलेल्या हवेत दोन्ही वाफ सोडत असतात. पंपिंग करताना नळीत स्थिर विद्युत साठते. टँकर, पंप, नळी, वेलहेड सगळं तारेने एकमेकांना जोडलेलं आणि जमिनीला अर्थ केलेलं असल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडायचा नाही. प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये ओतायचं नाही. या वाफेने डोकं गरगरतं, पोरं त्याला ऊन लागलं म्हणतात आणि काम चालू ठेवतात. तसं करू देऊ नका. वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहणं, योग्य कार्ट्रिजचा मास्क, टोल्युइनला टिकणारे हातमोजे. साधे नायट्राइलचे हातमोजे टोल्युइनमध्ये फार वेळ टिकत नाहीत.

हीच गोष्ट विहिरीतल्या रबरालाही लागू. पॅकरचे (ट्यूबिंगभोवतीची जागा बंद करणाऱ्या साधनाचे) सील, कॉइल्ड ट्यूबिंगचा स्ट्रिपर (तिच्याभोवती दाब अडवणारं सील), ईएसपीच्या (विहिरीतल्या विजेच्या पंपाच्या) केबलचं आवरण, यांतलं नायट्राइल रबर टोल्युइनने फुगतं. सोक किती तास ठेवायचा हे ठरवताना पूर्तता अहवालात (विहिरीत कोणती साधनं बसवली त्याच्या नोंदीत) रबर कोणतं आहे ते बघा. आणि क्लोरीन असलेली सॉल्व्हंट कोणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका, ती तेलाबरोबर रिफायनरीत पोचतात आणि तिथे यंत्रं खातात.

उरणकर

बेतुलची वाट, तुमचा हातमोज्यांचा मुद्दा आमच्या पोरांना वाचून दाखवला. आता शेवटचा प्रश्न. छोट्या ऑपरेटरकडे लॅब नाही, सिंगल-फेज नमुना नाही. त्याने पट्टा शोधायचा कसा?

खोलविहीर

काका, विहीर स्वतः सांगते, फक्त ते टिपून ठेवावं लागतं. गेज कटर उतरवताना तो कुठल्या खोलीला पहिल्यांदा अडला, कुठपर्यंत घासत गेला आणि कुठून पुढे मोकळा झाला, हे वायरलाइनच्या ऑपरेटरकडून फुटांत लिहून घ्या. नुसतं 'साफ केली' असा शेरा स्वीकारू नका. विहीर चालू स्थितीत असताना, साफ केल्यानंतर, खालपासून वरपर्यंत वाहत्या दाबाचा ग्रेडियंट सर्व्हे (खोलीनुसार दाबाचा आलेख) काढा. दोन्ही एकाच कागदावर ठेवा. थराचं खालचं टोक ज्या दाबाला येतं तो तुमचा ऑनसेटचा कामचलाऊ आकडा. जिथे आलेखाचा उतार बदलतो, म्हणजे गॅस सुटायला लागतो, तो बबल पॉइंट. पुढच्या वेळी चोक बदलल्यावर हेच परत करा. थर दाबाबरोबर खाली-वर सरकला तर ॲस्फाल्टीनबद्दल शंका उरत नाही. चोक काहीही असला तरी थर वरच्या थंड भागातच राहिला तर ते मेण आहे आणि तुमचा अनुभव कामाला येईल.

इनहिबिटरची कॅपिलरी लाइन (रसायन खाली नेणारी बारीक नळी) बसवायची वेळ आली तर ती त्या खालच्या टोकाच्याही खाली, पॅकरच्या शक्य तितक्या जवळ हवी. पुढच्या काही वर्षांत रिझर्व्हॉयरचा दाब उतरणार आणि पट्टा खाली सरकणार, ते धरून खोली ठरवा. आज बरोबर वाटलेली खोली तेव्हा अपुरी पडते, आणि ती बदलायची म्हणजे पूर्ण वर्कओव्हर, म्हणजे विहीर बंद करून ट्यूबिंग बाहेर काढण्याचं काम.